पाव फेरा डावीकडे

गाणं फार स्वच्छ ऐकू येत होतं, आणि म्हणूनच ती जिन्यात थांबली. खांद्यावर ऑफिसची पर्स, हातात बटाटे आणि साबण एकाच पिशवीत कोंबलेले, बोटांवर पिशवीच्या बंदांचे लाल वळ. शनिवारचा अर्धा दिवस संपवून माणूस जसं स्वतःलाच ओढत घरी आणतं तसं तिनं स्वतःला इथवर आणलं होतं, आणि आता शेवटचा एक मजला उरला असताना तिचे पाय जागच्या जागी राहिले. वरच्या दारातून कुठलंतरी जुनं गाणं येत होतं. त्यातली बासरी लख्ख होती, मागे कुणी खुळखुळा वाजवत होतं त्याचा एकेक दाणा वेचून घ्यावा इतका सुटा होता. दादाच्या टेपरेकॉर्डरमधून असा आवाज कधीच आला नव्हता. त्यातून गाणी यायची ती उशीखाली दाबल्यासारखी, प्रत्येक गायकाला कायमचं पडसं झाल्यासारखी. तो आवाज सुधारला होता याचा अर्थ कुणीतरी तो सुधारला होता. घरात या वेळी एकच माणूस असणार होतं, आणि त्या माणसाला अलीकडे असं वाटायला लागलं होतं की जगातली कुठलीही वस्तू आपण उघडू शकतो, पुसू शकतो आणि परत बंद करू शकतो.

"आई! ऐक! नाही, काही बोलू नकोस, आधी ऐक!" मुलीनं दार उघडलं तेच असं. केसांत पेन्सिल खोचलेली, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर, गालावर काळा डाग. सोळा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर इतका आनंद मावतो तरी कसा, असं तिला वाटून गेलं.

"काय केलंस?"

"हेड सरळ केलं! बेल्ट तू बसवलेलाच होतास. मी आधी हेड स्पिरिटनं पुसलं, मग त्याच्या शेजारी तो पिटुकला स्क्रू असतो ना, तो फिरवला. ढिम्म हलत नव्हता! त्यावर कुणा वेंधळ्यानं नेलपॉलिश सांडून ठेवलं होतं, लाल भडक. ते खरवडून काढलं. मग गाणं लावून फिरवत बसले, फिरवत बसले, आणि एकदम… ऐक ना, बासरी ऐक!"

"आधी कुठे होता तो?"

"कोण?"

"स्क्रू. फिरवायच्या आधी कुठे होता?"

"आधी? आधी चुकीच्या जागी होता," मुलगी म्हणाली.

तिनं पिशवी खाली ठेवली. बटाटा एक सुटला आणि घरंगळत टेबलाखाली गेला, थेट तिथल्या जुन्या कॉम्प्युटरच्या वायरीपाशी. छान झालाय आवाज, असं ती म्हणाली. मग चप्पल काढली, मग हात धुतले, साबण नवीन काढला, त्याचा कागद घडी करून ठेवला, जणू घडी करून ठेवायच्या लायकीचा कागद होता तो. नळाखाली हात धरून ती बराच वेळ उभी राहिली. आपल्याला राग आला आहे का, हे ती शोधत होती, आणि राग सापडत नव्हता. सापडत होता तो फक्त थकवा, तोच तो, ओळखीचा, शेवटी शेवटी येणारा. कुठल्याही गोष्टीच्या शेवटाला तिला तो गाठायचाच. बाळंतपण असो, परीक्षा असो, भांडण असो. जिंकायची वेळ जवळ आली की हातापायांत कुणीतरी ओली वाळू भरायचं.

कोपऱ्यातल्या टेबलावर ते मशीन होतं. कीबोर्ड म्हणजेच अख्खा कॉम्प्युटर, अशा काळातलं. टीव्हीला जोडायचं, आणि प्रोग्राम आत घालायचा तो कॅसेटवरून. माळ्यावरून ते काढलं तेव्हा त्याचा पांढरा रंग जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. मग हे सबंध वर्ष, जमेल तेवढ्या रविवारी, ती त्याच्यापाशी बसत आली होती. फुगलेले कॅपॅसिटर काढून नवे डागले, कीबोर्डच्या आतली फाटकी पट्टी बदलली, एकेक बटण साबणाच्या पाण्यात बुडवून दातांच्या ब्रशनं घासलं. दुसऱ्या गावी नोकरीला असलेला नवरा महिन्यातून एकदा यायचा आणि विचारायचा, "काय म्हणतंय तुझं धाकटं? दूध पितंय का?" ज्या दिवशी पडद्यावर पहिल्यांदा तो छोटा चौकोन लुकलुकायला लागला त्या दिवशी ती रडली होती, पण पटकन, कुणी बघायच्या आत. रडण्याच्या बाबतीत ती फार काळजी घेत असे.

कारण घरात तिचं नावच रडूबाई होतं. दादानं पाडलेलं. तिच्याहून चार वर्षांनी मोठा दादा, ज्यानं याच मशीनवर शाळेत असताना स्वतःचा एक खेळ लिहिला होता: गोगलगायींची शर्यत. दोन गोगलगायी, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डावीकडच्या बटणांवरची दादाची, उजवीकडच्या बटणांवरची हिची. दोन बटणं आळीपाळीनं जितकी भराभर दाबाल तितकी गोगलगाय पुढे. तिची बोटं दादाच्या बोटांपेक्षा चपळ होती, हे तिला माहीत होतं, अजूनही तिच्या बोटांना माहीत होतं. ती पुढे असायची. अर्ध्या पडद्यापर्यंत पुढे, पाऊण पडद्यापर्यंत पुढे, आणि मग शेवट दिसायला लागला की तिची गोगलगाय कशी कोण जाणे रेंगाळायची. दादाची मागून येऊन पुढे जायची. प्रत्येक वेळी. "हे बरोबर नाही! तू अंचई करतोस!" ती ओरडायची, आणि दादा शांतपणे म्हणायचा, "तुझी दमली, त्याला मी काय करू?" मग आई स्वयंपाकघरातून, "लागली का रडायला?" आणि बाबा पेपराआडून, "रडूबाई हरल्या वाटतं." सगळे हसायचे. वाईट कुणीच नव्हतं, हसणंही प्रेमाचंच होतं. पण तेवढ्या हसण्यात तिचं वाक्य बुडून जायचं. एकदा तिनं विचारलं होतं, खेळ आतून कसा लिहिलाय ते बघता येतं का. दादा म्हणाला, "येतं ना. पण बघितलं की टेप पुसली जाते." तिनं विश्वास ठेवला. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं तेव्हा तिला सुचायचंच नाही, अगदी अंचई अंचई म्हणून गळा काढतानासुद्धा.

आणि आता ऑफिस. तक्रारींच्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचं ऐकायचं. आपली अडचण समजते. आपली नोंद घेतली आहे. जगातल्या सगळ्यांना तक्रार करता येत होती, फक्त तिचं टेबल सोडून. या बुधवारी तिनंच शिकवून तयार केलेल्या मुलाला विभागप्रमुख केलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, आणि तिच्या जिभेवर ते वाक्य आलं, अगदी टोकापर्यंत आलं, हे बरोबर नाही, आणि त्याच क्षणी तिला स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. लागली का रडायला. तिनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत शेवटपर्यंत तीच वाजवत होती. घरी येऊन आईला फोन केला तर आईनं नेहमीसारखा विषय दादावर नेला. दादा जाऊन आता पाच वर्षं झाली होती, आणि या पाच वर्षांत आई रोज थोडी थोडी त्याला घासून पुसून चकचकीत करत आली होती. "तो कधी खोटं बोलला नाही गं. लहानपणीसुद्धा नाही. माझं पोर म्हणजे आरसा." ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला भीती वाटली ती याची की आई सांगते तेच खरं असेल. त्याच्या आजारपणाच्या आधी, त्याच्या लेकाच्या बारशाला ती त्याला गमतीनं विचारून बसली होती, खरं सांग, अंचई करायचास ना? तो ताटावरून मान वर करून म्हणाला होता, "तू अजून तिथेच आहेस?" आणि हसला होता. त्या हसण्याचा अर्थ तिनं कितीतरी वेळा उलटून पालटून पाहिला होता. तो लबाड होता, का ती खरंच रडूबाई होती? दोन्हींपैकी एक काहीतरी खरं असणार, आणि ते त्या एका कॅसेटवर होतं. म्हणून तर हे वर्ष, हे रविवार, डागकामानं भाजलेली बोटं. आतला रबरी पट्टा वितळून टेपरेकॉर्डर बंद पडला होता. नवा पट्टा गुरुवारी आला, तिनं बसवला, आणि शनिवारची दुपार राखून ठेवली. शनिवारची दुपार ही होती.

"आई, तू छान म्हणालीस पण तुझं तोंड छान म्हणत नाहीये," मुलगी दारात उभी होती.

"ये, बस इथे." तिनं नळ बंद केला. "ते नेलपॉलिश सांडलं नव्हतं. मामानं लावलं होतं, आजीच्या बाटलीतलं. त्यानं सुरीच्या टोकानं तो स्क्रू फिरवून ठेवला होता, मित्राची कुठलीतरी टेप चालावी म्हणून. ती चालल्यावर परत हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब. टेप वाचणारं हेड तसं वाकडं असतानाच त्यानं आपला खेळ त्यावर भरला. म्हणजे आता… मान वाकडी करून लिहिलेलं मान वाकडी करूनच वाचता येतं, तसं."

मुलगी टेपरेकॉर्डरकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड एकेका खोलीतला दिवा मालवत जावा तसा गेला. "म्हणजे मी सरळ केलं म्हणून ते…"

"म्हणून ते आता वाचता येणार नाही. कदाचित."

"मग सांगितलं का नाहीस तू?" मुलगी एकदम उसळली. "मी काय मन वाचू तुझं? घरातल्या सगळ्या वस्तूंना तुझ्या गोष्टी चिकटलेल्या असतात आणि तू एक सांगत नाहीस! कपाळावर चिठ्ठी लावायची ना, हात लावू नये म्हणून!"

हेही खरंच होतं. एवढ्या मोठ्यानं, एवढं सरळ, आईला तोंडावर. तिला आश्चर्य वाटलं ते याचं की ती पोरगी ओरडताना जराही लाजत नव्हती.

दोघींनी आधी तसंच लावून पाहिलं. कॅसेट आत, वायर मशीनला, टीव्ही चालू. टेप फिरायला लागली तशी कुंईऽऽ करत ती लांब शिट्टी आली, प्रोग्राम सुरू होण्याआधीची. पडद्याच्या कडांवर पट्टे थरथरले, मग खरखर, आणि मग मशीननं आपलं एका ओळीचं उत्तर दिलं, की वाचता येत नाही. परत लावली. परत तेच. काढून पाहिलं तर हेडवर तपकिरी भुकटी बसली होती. टेप झिजत होती. प्रत्येक फेरीला दादाचा खेळ थोडा थोडा पावडर होऊन पडत होता.

"आधी फोनवर भरून ठेवूया का? म्हणजे टेप वाचेल," मुलगी म्हणाली.

"वाकडं ऐकून वाकडंच भरलं जाईल गं. आधी हेड जागेवर यायला हवं."

तिनं झाकणाच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि टेप चालू असताना स्क्रू फिरवायला लागली. डावीकडे, केसाएवढा. आवाज जिथे सगळ्यांत धारदार होईल ती जागा, बस, एवढंच शोधायचं होतं. ती ऐकत होती. डोळे मिटून ऐकत होती. खरखर होती, मग थोडी जास्त खरखर, मग तशीच खरखर. डावीकडे तशीच, उजवीकडे तशीच. तिला वाटलं आपण चुकून स्क्रू सोडून दुसरंच काही फिरवतोय. मग हळूहळू, अंगावर थंड पाणी उतरत यावं तसं तिच्या लक्षात आलं की आवाज बदलत असणार, पण तो जिथे बदलतो तिथवर तिचे कान आता पोचत नाहीत. इतकी वर्षं कानाला लावलेला हेडफोन, इतक्या लोकांच्या अडचणी समजून घेता घेता वरचा बारीक सगळा आवाज कधीतरी झडून गेला होता, टेपसारखाच, आणि तिला पत्ताच नव्हता. पुन्हा ती वाळू. पुन्हा शेवट दिसायला लागला आणि हात जड. राहू दे, ती मनात म्हणाली. राहू दे, काय फरक पडतो, कोण जगायचं राहिलंय त्यावाचून.

"थांब!" मुलगी म्हणाली. "आत्ता गेलं ना! मागे घे, मागे!"

"काय गेलं?"

"ते वरचं. बारीक. चरचर चरचर असतं ना, फोडणी लांबच्या खोलीत टाकल्यासारखं… तुला येत नाही ऐकू?"

"नाही," ती म्हणाली. हा शब्द बोलायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपा गेला. "मला नाही येत. तू सांग."

मग मुलगी टेबलावर कान टेकून, डोळे घट्ट मिटून बसली आणि हुकूम सोडायला लागली. डावीकडे. अजून. एवढं नाही गं, मुंगीएवढं! परत. आई, हात हलवू नकोस, धर नीट. तिनं धरला. दुपार खिडकीतून सरकत टेबलाच्या पायांपाशी आली. सरळ जागेपासून पाव फेरा डावीकडे, त्याहून थोडा पुढे, मुलगी एकदम ओरडली, "हां! हेच! हात काढ, श्वास घेऊ नकोस!" आणि टेप मागे नेऊन त्यांनी पुन्हा लावली. शिट्टी. पट्टे. खरखर. यावेळी खरखर थांबली नाही. ती चालत राहिली, जिन्यावरून वाटाण्यांचं पोतं सांडत राहावं तशी, दोघी एकमेकींची मनगटं धरून बसल्या, आणि शेवटी एकदम शांतता झाली. लुकलुकणारा चौकोन. मशीननं काहीही तक्रार केली नव्हती.

"आलं! आलं! आई, आलं!" मुलगी खुर्चीवरून उठून नाचली. "थांब, काही हलवू नकोस, मी नेलपॉलिश आणते, माझं पोपटी आहे, तेच लावू," आणि आत पळाली.

ती एकटी राहिली. आता फक्त एक शब्द टाईप करायचा होता, सगळ्या ओळी दाखव असं सांगणारा, जो शब्द टाकला की टेप पुसली जाते असं दादा म्हणाला होता. आत्ताच्या या वयात, सगळं माहीत असताना, तिचं बोट त्या बटणावर क्षणभर अडलं. मग तिनं तो टाकला. ओळी वर सरकायला लागल्या, दादाचा हात, दादाचे आळशी आकडे. पुसलं काही गेलं नाही. आणि ती ओळ तिथे होती. लपवलेलीसुद्धा नव्हती, इतका त्याला तिच्या भोळेपणाचा भरवसा. शेवटची दहा घरं उरली, की दोन नंबरच्या, म्हणजे उजवीकडच्या गोगलगायीचं पाऊल अर्धं. बस. एवढंच. इतक्या वर्षांचं दमणं एका ओळीत.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसू, आणि तेही पोटातून, ओठ दाबूनही न थांबणारं. लबाड! आईनं पुसून पुसून आरसा केलेला तिचा भाऊ त्या आरशातून बाहेर आला होता, शेंबडा, हुशार, डोळ्यांत न बघता "तुझी दमली" म्हणणारा. पाच वर्षांत पहिल्यांदा तो तिला दिसला.

मुलीनं स्क्रूवर पोपटी थेंब ठेवला, फुंकर घातली, आणि म्हणाली, "चल, खेळू! मी उजवीकडे."

तिनं आधी त्या ओळी पडद्यावरून घालवल्या. डावीकडे बसली, दादाच्या जागी. शर्यत सुरू झाली. पोरीची बोटं वाऱ्यासारखी, तिची स्वतःची दिवसभराची दमलेली. पोरगी अर्ध्यापर्यंत पुढे, पाऊण पडद्यापर्यंत पुढे, आणि मग तिची गोगलगाय रेंगाळली. हिची मागून आली, पुढे गेली, जिंकली. आणि तिला कळलं की हे किती गोड लागतं. फुकटचं जिंकणं. जिभेवर आपोआप शब्द आला, गुळगुळीत, तयार: रडूबाई. तो किती जवळ होता!

"ए! हे बरोबर नाही!" मुलगी खुर्चीतून उठलीच. "मी पुढे होते! मी भराभर दाबत होते! काहीतरी गडबड आहे यात, परत खेळायचं, आई, हे अजिबात बरोबर नाही!"

तिनं तो शब्द गिळला.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर नाहीच ते." आणि ऐकायला किती साधं होतं ते, कुणीही, कधीही म्हणू शकलं असतं. तिनं ओळी परत पडद्यावर आणल्या आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

मुलीनं वाचलं. मग तोंडाचा मोठा आ. "मामा अंचई करायचा? मामा? आजीचा तो मामा?"

"तोच."

"आणि तू रोज हरायचीस?"

"रोज."

"पुसून टाकू ही ओळ? एका सेकंदात निघेल."

"नको, राहू दे." तिनं खुर्ची सरकवली. "ऊठ तिथून. उजवीकडे मी बसते."

"अगं, हरशील."

"माहीत आहे."

ती बसली. बोटं ठेवली. सगळं अंग दुखत होतं, पाय सुजले होते, स्वयंपाक व्हायचा होता, टेबलाखाली तो एक बटाटा अजून पडलाच होता, पण बोटं चालली, भराभर, डावं उजवं डावं उजवं, अर्ध्या पडद्यापर्यंत पुढे, पाऊण पडद्यापर्यंत पुढे, आणि मग तिची गोगलगाय रेंगाळली. ती बघत राहिली. वाळू नव्हती. हात तेच होते, तितकेच चपळ. दमत नव्हतं कुणीच. मुलीची गोगलगाय पुढे गेली.

"हे बरोबर नाही," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, कधी न वापरलेल्या खोलीचं दार उघडावं तसा.

"ऐकू नाही आलं," पोरगी टेबलावर कोपर टेकून म्हणाली.

"हे बरोबर नाही!"

खाली कुणाची तरी खिडकी उघडली. घरात कुणीच हसलं नाही. "परत लाव," ती म्हणाली आणि बोटं बटणांवर ठेवली. सोमवारी ऑफिसात जाईपर्यंत तिला ते वाक्य नीट म्हणता यायला हवं होतं.